आल्फ्रेड बिने

बुद्ध्यंकांवरून देशांची व धर्मांची प्रतवारी लावलेली वाचनात आली, की आम्हांस बुद्धिमापनाच्या जनकाचे स्मरण होते.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी फ्रान्समधील नीस येथे झाला. कायद्याची पदवी घेऊनही त्यांचे मन मानसशास्त्रात रमले. संमोहनावरील आपले आरंभीचे प्रयोग सदोष होते, हे उमगताच त्यांनी ते जाहीरपणे मान्य केले.

१९०४ साली फ्रेंच सरकारने, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तीत बिने होते. १९०५ मध्ये त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह ३० कसोट्या सिद्ध केल्या. हेतू एवढाच, की अशा मुलांना वेळीच साहाय्य मिळावे. योग्य शिक्षणाने बुद्धी वाढते, अशी त्यांची श्रद्धा होती. १८ ऑक्टोबर १९११ रोजी ते निवर्तले.

बुद्ध्यंकाची कल्पना जर्मनीतील स्टर्न यांनी मांडली, ती १९१२ साली. १९१३ मध्ये न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर गॉडार्ड यांनी नवागत ज्यू, इटालियन व रशियन लोकांची दुभाष्यांकरवी परीक्षा घेऊन त्यांतील बहुतेकांना मंदबुद्धी ठरविले. भाषा परकी, प्रश्न परके. दोष मात्र बुद्धीचा! धारवाडचे डॉ. कामत यांनी याच कसोट्या मराठी व कानडी मुलांना जुळतील अशा घडविल्या, त्या याचसाठी.

आम्ही घरी कोंकणी बोलणारे. मराठी शाळेत प्रथम गेलो, तेव्हा उत्तर ठाऊक असूनही शब्द सुचत नसे. त्या दिवशी कोणी आमची बुद्धी मोजली असती तर? विद्यार्थिमित्रहो, अंक पाहावा, पण त्याआधी प्रश्न कोणाचा व कोणत्या भाषेतला, हे पाहावे.