डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचें अल्प चरित्र

मुंबईस धोबीतलावाच्या चौकांत, मेट्रो चित्रपटगृहासमोर, एका गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांचा पुतळा उभा आहे. नंदाखालहून नोकरीधंद्यानिमित्त तिकडे जाणाऱ्या आपल्या पुष्कळ ग्रामस्थांनीं तो पाहिला असेल. परंतु हा पुरुष कोण, असें पुसलें असतां सांगणारा विरळा. ह्या स्मरणिकेंत त्यांस एक पान द्यावें असें आम्हांस वाटलें.

डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं बारदेश प्रांतांतील हडफडें गांवीं झाला. विद्याभ्यासासाठीं ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजांत वैद्यकी शिकले, व मांडवी भागांत त्यांनीं दवाखाना घातला. पुढें ते म्युनिसिपालिटीचे सभासदही झाले. मांडवी म्हणजे बंदरालगतची दाट वस्ती. खालीं धान्याचीं कोठारें, वर माणसांनीं खच्चून भरलेल्या खोल्या, आणि कोठारांत उंदरांचें राज्य.

१८९६ च्या सप्टेंबरांत ह्या भागांतील रोग्यांस कडक ताप येऊन जांघेंत किंवा काखेंत गांठ उठूं लागली, आणि थोड्याच दिवसांत ते दगावूं लागले. डॉ. व्हिएगसांनीं लक्षणें ताडून पाहिलीं व हा गांठीचा प्लेग आहे असें उघडपणें जाहीर केलें. असें बोलणें सोपें नव्हतें. प्लेगचें नांव निघतांच परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांस दारें लावणार, व्यापार बसणार, लोकांत घबराट होणार, हें सर्वांस दिसत होतें. त्यामुळें पुष्कळांनीं प्रथम त्यांचें म्हणणें मानलें नाहीं. स्वतः म्युनिसिपालिटींत बसणाऱ्या गृहस्थास गप्प राहणें किती सोयीचें होतें! परंतु ते गप्प राहिले नाहींत, आणि तज्ज्ञांनीं तपास केल्यावर त्यांचेंच निदान खरें ठरलें.

मग जें व्हावयाचें तें झालें. मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली. सरकारनें फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांच्या झडत्या होऊं लागल्या, रोग्यांस आप्तांपासून ओढून इस्पितळांत नेलें जाऊं लागलें. पुण्यास ह्या जाचाचें पर्यवसान त्याच वर्षीं जूनमध्यें रँडसाहेबांच्या खुनांत झालें. रोग खरा होता; पण लोकांचा विश्वास न मिळवितां चालविलेला उपाय त्यांस रोगाइतकाच भयंकर वाटला, असें आम्हांस म्हणावें लागतें.

सरकारनें पाचारण केलेले शास्त्रज्ञ हाफकिन ह्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतच प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. सुई म्हणतांच लोक दूर पळत. अशा वेळीं ओळखीच्या डॉक्टरांचा हात लागतो. डॉ. व्हिएगसांनीं सुमारें १८,००० रहिवाशांस लस टोचली, अशी नोंद आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवसांत सारा भर घाणीवर होता. गटारें धुवावीं, भिंतींस चुना लावावा, कार्बोलिक शिंपडावें. मूळ मात्र उंदरांत होतें. प्लेग हा आधीं उंदराचा रोग, मागाहून माणसाचा. रोगी उंदराचें रक्त पिऊन पिसू दूषित होते; उंदीर मरून त्याचें अंग थंड पडलें, कीं ती दुसरा आश्रय शोधते आणि माणसास चावते. फ्रेंच डॉक्टर सिमाँ ह्यांनीं हें १८९८ सालीं कराचीस प्रयोग करून दाखविलें, तरी विद्वानांनीं तें लवकर मानलें नाहीं. परळच्या प्रयोगशाळेंत १९०५ नंतर झालेल्या संशोधनानें तें पक्कें झालें. घरांत उंदीर पडूं लागले, कीं घर सोडून मोकळ्या जागीं मांडव घालून राहावें, एवढें मात्र खेडुतांस अनुभवानें आधींच कळलें होतें. पिसूची वार्ता त्यांस नव्हती, पण पुष्कळांचे जीव वांचले.

आपल्याकडील शेतकऱ्यांस हा विषय अगदींच परका नाहीं. प्लेग १९९४ मध्यें बीड जिल्ह्यांत व सुरतेस पुन्हां दिसला होता. त्यावर आतां औषधें आहेत. परंतु पावसाळ्यांत उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्याचिखलांतून लेप्टोस्पायरोसिस होतो, व पायास जखम असतां भातखाचरांत उतरणाऱ्यास तो अधिक सहज जडतो. ताप आल्यास आपण चिखलांत काम केलें होतें, हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

१९०६ सालीं डॉ. व्हिएगस मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी ख्रिस्ती होत. १९३३ सालीं ते वारले. १८९६ पासूनच्या प्लेगनें तोंवर हिंदुस्थानांत १ कोटीहून अधिक माणसें नेलीं होतीं, आणि त्यावर खात्रीनें गुण देणारीं औषधें निघावयास अजून कांहीं वर्षें होतीं.