चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट

आमच्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची नावे काढावयास बसले म्हणजे कारखानदार, व्यापारी आणि दानशूर गृहस्थ यांचीच यादी लांबत जाते. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे नाव त्या यादीत क्वचितच येते. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत पुण्यास वावरलेल्या या पुरुषाची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जपून ठेवलेली आहेत, आणि आमच्यापैकी अनेकांना त्यांचे नावही ठाऊक नाही! ही उणीव अंशतः तरी भरून काढावी, या हेतूने आम्ही हा अल्प परिचय ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

तांबटाचा मुलगा चित्रकार झाला याचे नवल वाटावयास नको. तांब्याचा सपाट पत्रा हाती घेताच त्यातून निघणाऱ्या घागरीचा पोटवळा ज्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि मठारताना प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याला लागून बसला पाहिजे ही शिस्त ज्याच्या हाताला बालपणापासून लागते, त्याला प्रमाण आणि घडण यांचे ज्ञान निराळे द्यावे लागत नाही. नवल आहे ते पुढेच. आपल्या घरच्या कसबावर न थांबता, हात तयार झालेला असतानाही, गंगाराम पुन्हा विद्यार्थी होऊन बसले.

इ. स. १७८६ मध्ये चार्ल्स वॉर मॅलेट हे कंपनी सरकारचे वकील म्हणून पुण्याच्या दरबारी दाखल झाले. मराठे, निजाम आणि इंग्रज यांचा टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्यांच्याच खटपटीने घडून आला. राजकारणी मनुष्याच्या हेतूंविषयी आम्ही येथे अधिक लिहीत नाही. परंतु प्राणी, वनस्पती आणि प्राचीन लेणी यांविषयी त्यांची जिज्ञासा खरी होती, आणि जे पाहिले ते जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. हे काम त्यांनी गंगाराम यांच्याकडे सोपविले.

पेशव्यांच्या शिकारखान्यात त्या वेळी एक गेंडा होता. १७९० च्या नोव्हेंबरातील त्याचे गंगाराम यांनी काढलेले चित्र आज उपलब्ध आहे. या एका चित्राचे मोल समजावयाचे तर थोडे युरोपाकडे पाहिले पाहिजे. जर्मनीतील थोर चित्रकार ड्यूरर याने १५१५ मध्ये गेंड्याचे चित्र छापून प्रसिद्ध केले. मात्र त्याने तो प्राणी स्वतः पाहिलेला नव्हता. कोणी पाठविलेल्या वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्याने गेंडा रचला, आणि पाठीवर नसलेले एक लहान शिंग चिकटवून दिले. दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपातील विद्वान तोच गेंडा, त्या खोट्या शिंगासह, आपल्या ग्रंथांतून उतरवीत राहिले. इकडे पुण्याचा तांबट मात्र प्रत्यक्ष जनावरासमोर उभा राहून काम करीत होता. आपल्याकडील गेंड्याला शिंग एकच. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या. वर बारीक गाठी अशा, की जणू पत्र्यावर रिबिटा मारल्या आहेत. तांबटाच्या डोळ्याला हे रूप परके वाटले नसेल, असे आमचे आपले अनुमान आहे.

आमचे राजूरचे वाचक हा मुद्दा चटकन ओळखतील. राजुरास डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, त्यात जाणता शेतकरी बैलाचा नुसता डौल पाहून माघारी फिरत नाही. तो खुराचा काळा कठीणपणा पाहतो, वशिंड पाहतो, भर पावसात तग धरू देणारी कातडीची तेलकट झाक हाताने चाचपतो. शास्त्रीय चित्रकाराची दृष्टी हीच. सुंदर दिसावे म्हणून तो काही वाढवीत नाही, आणि गैरसोयीचे म्हणून काही गाळीत नाही.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला व पुढच्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे त्याने काढलेले एकत्र चित्र प्रसिद्धच आहे. मॅलेट यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा काढली, तिची सूत्रे वेल्सकडे आली आणि गंगाराम त्याच्या हाताखाली शिकले. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय निघाले १८५७ मध्ये. म्हणजे ही त्याच्याही साठ वर्षे पूर्वीची गोष्ट! आपल्या जुन्या चित्रपद्धतीत वस्तू जशी मनाला ठाऊक असते तशी मांडीत. दूरचा खांब व जवळचा खांब यांत फरक करण्याचे कारण पडत नसे. नव्या पद्धतीत पाहणाऱ्याची जागा ठरवावयाची, उजेड एका अंगाने आणावयाचा, लांबी-रुंदीचे प्रमाण सांभाळावयाचे. जाणत्या वयात हाताची मोडलेली वळणे पुन्हा बसविणे किती कष्टाचे असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल.

त्या विद्येची कसोटी वेरुळास लागली. वेरुळचे कैलास लेणे वरून खाली खोदीत आणलेले. त्याचा आवाका कागदावर आणावयाचा म्हणजे आधी तो दगड समजून घेतला पाहिजे. मॅलेट यांनी वेरुळवर लिहिलेला निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात छापून आला, आणि त्या कामासाठी वेरुळास जाऊन चित्रे काढणारा हात गंगाराम यांचा होता. त्या काळी अशी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत असत. तांबटाची रेघ शेवटी तांब्यावरच उतरली, हे पाहून आम्हांस मौज वाटते!

पुढे १८०३ मध्ये टॉमस डॅनियल याने वेरुळच्या २४ दृश्यांचा भव्य ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल यांची नावे आहेत. गंगाराम तेथे नाहीत. हा दोष एकट्या परकीयांचा असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. तंजावरास सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रोगांची चित्रे करवून घेतली, कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात एतद्देशीय चित्रकारांनी हजारो झाडे रंगविली. त्या कारागिरांपैकी किती जणांची नावे आपण तरी टिपून ठेवली? आणि आजही घरातील एखादी मुलगी फुलपाखराचे पंख किंवा पानाच्या शिरा काढण्याचे शास्त्र उच्च शिक्षण म्हणून शिकू म्हणते, तेव्हा चित्रांनी पोट भरते काय, असा प्रश्न प्रथम आपल्याच ओसरीवरून निघतो.

पुण्याची ती शाळा फार दिवस चालली नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अंत झाला. त्याच वर्षी, साष्टीतील लेण्यांचे काम करीत असता, वेल्सही मरण पावला. १७९७ मध्ये मॅलेट यांनी पुणे सोडले. त्यांच्या संग्रहाबरोबर गंगाराम यांचे कागद समुद्रापार गेले, आणि कदाचित म्हणूनच वाचले. कारण शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळून गेला. गेंडा गेला, कसरत करणारे मल्ल गेले, लेण्यांचे खांबही गेले. आज ते न्यू हेवन शहरी आहेत.

त्याच संग्रहात एक चित्र असे आहे, की त्यात गंगाराम यांनी स्वतःलाच काढले आहे. इतरांना कागदावर आणण्यात ज्यांचे दिवस गेले, ते तेथे आपल्या गुरूच्या दर्शनास आलेले आहेत.