तस्करांचे संदेश वाचणारी स्त्री : एलिझबेथ फ्रीडमन

१९३३ साली न्यू ऑर्लीन्सच्या संघीय न्यायालयात दारूची तस्करी करणाऱ्या एका बलाढ्य टोळीवर खटला उभा राहिला. सरकार पक्षाचा आधार होता हवेतून पकडलेल्या बिनतारी संदेशांचा, आणि ते संदेश म्हणजे वरवर पाहता अर्थहीन अक्षरांच्या रांगा. साहजिकच बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमक्या जागी बोट ठेवले. या अक्षरांतून साक्षीदार बाई जो मजकूर काढतात तो त्यांचा वैयक्तिक तर्क असून त्याला पुराव्याचे मोल नाही, असा त्यांचा आक्षेप होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एलिझबेथ फ्रीडमन होत्या. त्यांनी न्यायालयाकडे एक फळा मागितला आणि ज्युरीतील सामान्य नागरिकांना खडूने लिहून गुप्तलिपीचा पहिला धडा दिला. कोणते अक्षर किती वेळा येते, एका अक्षराच्या जागी दुसरे कसे बसवले जाते, आणि एकदा किल्ली सापडली की कोणत्याही जाणकाराला तेच उत्तर का मिळेल, हे त्यांनी पायरी-पायरीने उलगडून दाखवले. टोळीच्या म्होरक्यांना शिक्षा झाली. पुढे विशेष सरकारी वकील एमॉस वुडकॉक यांनी वरिष्ठांना कळवले की या बाईंच्या कामावाचून हा खटला जिंकणे अशक्य होते.

अमेरिकेच्या संघीय तपास यंत्रणांमध्ये आज गुन्हेविषयक गुप्तवार्तांचे विश्लेषक असे स्वतंत्र पद आहे. हे लोक बंदूक बाळगत नाहीत, कोणाला अटक करत नाहीत. विखुरलेल्या नोंदी, संदेश आणि व्यवहार जुळवून त्यातून टोळीचे चित्र उभे करणे हे त्यांचे काम. एलिझबेथ फ्रीडमन यांनी ते सुरू केले तेव्हा या कामाला नाव नव्हते, आणि ते करणाऱ्या व्यक्तीला बसायला धड टेबलही नव्हते.

२६ ऑगस्ट १८९२ रोजी इंडियाना राज्यातील हंटिंग्टन येथे एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मोठ्या भावंडांच्या रांगेत त्या सर्वांत धाकट्या. मुलीने महाविद्यालयात जावे हे वडिलांना फारसे रुचले नाही. अखेर त्यांनी शिक्षणासाठी पैसे दिले ते सहा टक्के व्याजाने, कर्ज म्हणून. १९१५ मध्ये मिशिगनच्या हिल्सडेल महाविद्यालयातून त्या इंग्रजी साहित्याच्या पदवीधर झाल्या. काही काळ शाळेत काढून १९१६ मध्ये त्या नव्या नोकरीच्या शोधात शिकागोला आल्या आणि शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची मूळ छापील प्रत पाहायला न्यूबेरी ग्रंथालयात गेल्या. तेथील ग्रंथपाल महिलेने त्यांची गाठ जॉर्ज फेबियन या विक्षिप्त धनिकाशी घालून दिली. शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि छपाईच्या अक्षरांत तसा गुप्त मजकूर पेरला, या कल्पनेने फेबियन भारलेले होते. इलिनॉयमधील जिनिव्हा गावाजवळच्या त्यांच्या रिव्हरबँक या वसाहतीत त्यासाठी संशोधन चाले. एलिझबेथ तिथे रुजू झाल्या. बेकनचा मजकूर त्यांना कधी सापडला नाही, कारण तो नव्हताच. मात्र गुप्तलिपीची विद्या सापडली, आणि वनस्पतींच्या अनुवंशशास्त्रावर काम करायला आलेला विल्यम फ्रीडमन हा तरुणही. मे १९१७ मध्ये दोघांनी विवाह केला.

त्याआधी महिनाभर अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती आणि सरकारजवळ गुप्तलिपी फोडणारी माणसे जवळजवळ नव्हती. त्यामुळे पकडलेले कागद रिव्हरबँकला येऊ लागले. त्यात एक गठ्ठा असा होता, ज्यापाशी भारतीय वाचकाला थबकावे लागते. जर्मनीच्या मदतीने भारतात सशस्त्र उठाव घडवू पाहणाऱ्या गदर चळवळीतील लोकांची ती सांकेतिक पत्रे होती. एका विशिष्ट पुस्तकातील पान, ओळ आणि जागा दर्शवणारे आकडे त्यात होते. ते पुस्तक हाती नसतानाही रिव्हरबँकला मजकूर उलगडला, आणि नंतर प्राइस कॉलियर यांचे जर्मनीविषयीचे पुस्तक हेच ते, हे निष्पन्न झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात विल्यम यांनी साक्ष दिली. त्याच न्यायालयात एप्रिल १९१८ मध्ये आरोपी रामचंद्र यांना सहआरोपी रामसिंग यांनी गोळ्या घातल्या. गदरशी जोडलेली महाराष्ट्रातील नावे आपल्याला परिचित आहेत : वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे. या खटल्यात दोघेही नव्हते. पिंगळे यांना तर १६ नोव्हेंबर १९१५ रोजीच लाहोरला फाशी झाली होती. आपण ज्यांना क्रांतिकारक म्हणतो ते त्या टेबलावर केवळ न सुटलेले आकडे होते. या विद्येची ही बाजू फ्रीडमन दांपत्याच्या गौरवपर चरित्रांत सहसा घाईने ओलांडली जाते.

युद्धानंतर, १९२१ मध्ये, दोघे वॉशिंग्टनला आले. विल्यम लष्करात स्थिरावले. एलिझबेथ यांनी काही काळ लष्कर आणि नौदलासाठी काम केले, मग मुलांसाठी घरी राहणे पत्करले. पण १९२० पासून देशात दारूबंदी होती, आणि दारूबंदीने संघटित गुन्हेगारीला सोन्याचे दिवस आणले होते. मालाची जहाजे अमेरिकेच्या सागरी हद्दीबाहेर उभी राहत आणि वेगवान होड्या रात्री माल किनाऱ्याला आणत. कोणत्या जहाजाने कुठे थांबायचे, होडी केव्हा येणार, गस्तीचे जहाज कुठे आहे, हे सगळे बिनतारी यंत्रावरून गुप्तलिपीत ठरे. तटरक्षक दलाला संदेश ऐकू येत होते, समजत नव्हते. न वाचलेल्या कागदांचे ढीग साचले होते. १९२५ मध्ये दलाचे कॅप्टन चार्ल्स रूट एलिझबेथ यांच्या दारी आले. एलिझबेथ यांनी घरून काम करण्याची अट घातली. कचेरीतून कागद न्यायचे, घरी सोडवायचे, परत आणून द्यायचे. शंभर वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आजच्या वाचकांना ओळखीची वाटेल.

तस्करांची गुप्तलिपी म्हणजे पोरखेळ, असा समज होता. वस्तुस्थिती वेगळी होती. टोळ्यांकडे पैसा होता आणि त्या पैशाने त्यांनी जाणकार विकत घेतले होते. प्रशांत किनाऱ्यावरील एका मोठ्या टोळीची रीत पाहावी. एबीसी नावाच्या व्यापारी संकेतकोशातून शब्दाचा क्रमांक काढायचा, त्यात एक हजार मिळवायचे, येईल त्या क्रमांकासमोरचा शब्द ॲक्मे नावाच्या दुसऱ्या कोशातून घ्यायचा, आणि शेवटी त्या शब्दातील प्रत्येक अक्षर बदलून टाकायचे. चार कुलुपे, एकात एक. एलिझबेथ आणि त्यांच्या एका साहाय्यक लिपिकाने तीन वर्षांच्या काळात असे १२,००० च्या वर संदेश सोडवले. त्याहून महत्त्वाचे, त्यांनी संदेश एकमेकांशी जोडून पाहिले : कोणते जहाज कोणाचे, कोणते केंद्र कोणाशी बोलते, दर कोण ठरवतो. १९३१ मध्ये त्यांच्याच प्रस्तावावरून तटरक्षक दलात सात जणांचा गुप्तलिपी विभाग स्थापन झाला, आणि तरुण कर्मचाऱ्यांना त्यांनी स्वतः शिकवून तयार केले.

या पद्धतीचे मोल ‘आय ॲम अलोन’ प्रकरणात दिसले. मार्च १९२९ मध्ये कॅनडाचा ध्वज लावलेले हे जहाज तटरक्षक दलाने मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्यापासून सुमारे २०० मैलांवर, तोफा डागून बुडवले. एक खलाशी मृत्युमुखी पडला. कॅनडाने भरपाई मागितली आणि दोन शेजारी देशांचे संबंध ताणले गेले. एलिझबेथ यांच्या कागदांत बेलीझ आणि न्यूयॉर्कदरम्यानच्या काही सांकेतिक तारा होत्या. जहाजावर ध्वज कॅनडाचा असला तरी खरे मालक न्यूयॉर्कमध्ये बसलेले अमेरिकी होते, हे त्यांतून सिद्ध झाले. १९३५ च्या निवाड्यात अमेरिकेला माफी मागावी लागली, कॅनडाला २५,००० डॉलर आणि खलाशांना भरपाई द्यावी लागली. जहाजाच्या मालकांच्या हाती मात्र काही लागले नाही.

पुढे कॅनडाच्या विनंतीवरून त्या व्हँकुव्हरला गेल्या आणि अफूच्या तस्करीतील चिनी संदेश उलगडून साक्ष दिली. चिनी भाषा त्यांना येत नव्हती. वृत्तपत्रांना या साऱ्याचे अप्रूप वाटले, पण त्यांनी अधिक शाई खर्च केली ती बाईंच्या पोशाखावर. एलिझबेथ यांना प्रसिद्धीचा तिटकारा होता, आणि त्याला व्यावहारिक कारण होते : तुमचे संदेश वाचले जातात असे वर्तमानपत्रात छापून आले की टोळी दुसऱ्या दिवशी लिपी बदलते.

दुसऱ्या महायुद्धात हेच घडले, आणि तेही आपल्याच माणसांकडून. त्यांचा विभाग १९४१ मध्ये नौदलाखाली आला होता आणि दक्षिण अमेरिकेतील जर्मन हेरांचे बिनतारी जाळे वाचत होता. मार्च १९४२ मध्ये जे. एडगर हूवर यांच्या एफबीआयच्या पुढाकाराने ब्राझीलमध्ये धरपकड झाली. हेर सावध झाले, सगळ्या लिप्या बदलल्या, आणि एलिझबेथ यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तरीही विभागाने युद्धकाळात सुमारे ४,००० संदेश सोडवले. त्यात एनिग्मा यंत्राने लिहिलेलेही होते. युद्ध संपल्यावर हेरांचे जाळे मोडल्याचे श्रेय हूवर यांनी आपल्या संस्थेसाठी जाहीरपणे घेतले. एलिझबेथ यांनी गोपनीयतेची शपथ घेतली होती. त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्याच काळात विल्यम जपानी ‘पर्पल’ लिपी फोडण्याच्या ताणाने १९४१ च्या आरंभी रुग्णालयात दाखल झाले होते. एका छताखाली राहून दोघांनाही आपले काम दुसऱ्याला सांगण्याची मुभा नव्हती.

१९४६ मध्ये त्या विभागातून बाहेर पडल्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी सुरक्षित संदेशवहनाची घडी बसवून दिली. १९५७ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथात शेक्सपिअरच्या नाटकांत बेकनचा गुप्त मजकूर असल्याचा दावा साधार खोडून काढला. ज्या खुळातून त्यांचा संसार सुरू झाला, त्याचाच हा हिशेब.

२ नोव्हेंबर १९६९ रोजी विल्यम गेले. त्यांचे कागदपत्र लावून व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथे जॉर्ज मार्शल यांच्या नावाच्या ग्रंथालयात ठेवण्यात एलिझबेथ यांची पुढची वर्षे गेली. स्वतःच्या कामाकडे त्यांनी तितके लक्ष दिले नाही. ३१ ऑक्टोबर १९८० रोजी न्यू जर्सीतील प्लेनफिल्ड येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांची रक्षा आर्लिंग्टनला पतीच्या समाधीवर विखुरण्यात आली. युद्धकाळातील त्यांच्या विभागाच्या नोंदी खुल्या झाल्या त्या त्यानंतर अनेक वर्षांनी.

आर्लिंग्टनचा तो दगड त्यांनीच आखून घेतला होता. त्यावरील वचनाची अक्षरे बारकाईने पाहिली तर दोन वेगळ्या वळणांची आहेत. बेकनच्या रीतीने ती वाचली की विल्यम फ्रीडमन यांची आद्याक्षरे मिळतात. येणारे-जाणारे जवळजवळ अर्धे शतक त्या दगडासमोर उभे राहिले. ही अक्षरे कोणी वाचली ती २०१७ मध्ये.