नीलकंठशास्त्री गोऱ्हे

मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याकडे पाठ करून गुरुवार पेठेची वाट धरली म्हणजे थोड्याच वेळांत दुसरा एक उंच मनोरा दृष्टीस पडतो. तो पंच हौदाच्या पवित्र नाम देवालयाचा होय. मंडईची इमारत १८८६ सालीं खुली झाली. हें देवालय त्यापूर्वीं एक वर्ष, १८८५ सालीं, उभें राहिलें. आज तें पुणें धर्मप्रांताचें कॅथेड्रल आहे. विद्यार्थ्यांसह आम्हीं हें आवार पाहिलें, तेव्हां मनोऱ्यांतील आठ घंटांविषयीं मुलांनीं पुष्कळ विचारलें. परंतु नीलकंठशास्त्री गोऱ्हे हें नांव एकासही ठाऊक नव्हतें. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

गोऱ्हे यांचें घराणें मूळचें कोंकणांतील चित्पावन ब्राह्मणांचें. त्यांचा जन्म १८२५ सालीं झांशीजवळ झाला व ते काशींत वाढले. तेथें त्यांनीं संस्कृत शास्त्रांचें अध्ययन केलें. जॉन म्यूर यांनीं ‘मतपरीक्षा’ नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची बाजू मांडली होती. विशीच्या सुमारास असलेल्या या तरुण शास्त्र्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचून तिचें खंडन केलें. वाद करण्यासाठींच ते मिशनऱ्यांकडे गेले, वादासाठींच बायबल वाचूं लागले. आणि वाचतां वाचतां त्यांचेंच मन पालटलें. १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें.

याची किंमत काय असेल, हें आजच्या मुलांस सहज कळणार नाहीं. त्यानंतर बेचाळीस वर्षांनीं, १८९० सालीं, याच पंच हौद मिशनमध्यें पुण्यांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळी चहा प्याली, तर केवढें ग्रामण्य माजलें! न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषासही पुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्याची ही कथा. मग ज्यानें धर्मच बदलला त्याची काय गत झाली असेल? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग आल्या. परंतु १८५३ सालीं कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर लवकरच त्या निवर्तल्या. ती तान्ही मुलगी परक्या ख्रिस्ती कुटुंबांत वाढली. पुढें ती कवयित्री म्हणून नांवारूपास आली.

दुःखानें गोऱ्हे यांची लेखणी थांबली नाहीं. १८६० सालीं त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७० सालीं ते पाळक झाले. पुढें ते काउलीच्या सेंट जॉन मंडळांत शिरले; याच मंडळाच्या पाद्र्यांनीं पंच हौदाचें कार्य चालविलें. तेथें ते अत्यंत साधेपणानें राहिले. तथापि आजन्म व्रताची शपथ त्यांनीं अखेरपर्यंत घेतली नाहीं. मनांत शंका असतां शपथ वाहणें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. गोऱ्हे यांनीं त्यांच्या घरीं जाऊन ख्रिस्ती मताचें निरूपण केलें. पण बाईंस तें त्या वेळीं पटलें नाहीं. पुढें इंग्लंडांत असतां गोऱ्हे यांच्याच लेखनानें त्यांच्या शंकांचें बरेंच निरसन झालें, व १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. जो स्वतः शंकांतून गेला त्यासच दुसऱ्याची शंका खरी कळते.

१८९५ सालीं मुंबई येथें गोऱ्हे यांचा अंत झाला. त्यांचें मत सर्व वाचकांस मान्य होईल असें नाहीं. परंतु प्रतिपक्षाचा ग्रंथ प्रामाणिकपणें वाचावा, आणि जें सत्य वाटेल त्याची किंमत स्वतः द्यावी, हा त्यांचा धडा कोणत्याही घरच्या मुलास उपयोगी पडेल. पालकांनीं मंडईस जातां येतां आपल्या मुलांस हें आवार अवश्य दाखवावें, आणि घंटांबरोबर या शास्त्र्यांचीही गोष्ट सांगावी, एवढेंच आमचें मागणें.