ग्रेस हॉपर : यंत्र बदललं तरी काम वाया जाऊ नये



जुन्या संगणकावर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडली, की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. बोरी अरबसारख्या गावातल्या शाळेलाही हा अनुभव नवा नाही. प्रोग्रामच्या बाबतीत असाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी हाती घेणाऱ्या ग्रेस हॉपर यांची आज ओळख करून घेऊ. त्या मुळात आपल्यासारख्याच शिक्षिका!

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. घड्याळ कसं चालतं हे पाहायला लहानपणी त्यांनी घरातली सात गजराची घड्याळं खोलून ठेवली. आईने नंतर एकच घड्याळ खोलायची मुभा दिली. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. व्हासार कॉलेजात त्या गणित शिकवत. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क-१ या संगणकावर काम करू लागल्या.

वहीतून टेपवर

नेहमी लागणाऱ्या गणिती प्रोग्रामचे तुकडे तेव्हा वहीत लिहून ठेवत. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत. हॉपर यांनी हे तुकडे टेपवर साठवून प्रत्येकाला क्रमांक दिला. १९५२ च्या त्यांच्या ए-० प्रणालीत क्रमांक सांगितला, की युनिव्हॅक संगणक तो तुकडा स्वतःच शोधून जोडायचा.

पण प्रत्येक यंत्राच्या आज्ञा वेगळ्या. नवं यंत्र आलं की सगळं पुन्हा लिहा! त्यावर त्यांचा उपाय साधा होता : माणसाने काम शब्दांत सांगावं आणि त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर कंपायलर नावाच्या प्रोग्रामने करावं. त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा प्रभाव १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोलवर पडला. कोबोलमध्ये यंत्रापुरती माहिती वेगळ्या विभागात ठेवतात. त्यामुळे यंत्र बदललं तर मुख्यतः तेवढा विभाग बदलायचा. डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्राम किरकोळ बदलांसह आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक-२ या दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

पुढे १९६७ मध्ये नौदलाने त्यांना परत बोलावलं. प्रत्येक कंपनीचा कोबोल कंपायलर नियमाप्रमाणे चालतो का, हे तपासणाऱ्या चाचण्यांवर त्यांनी काम केलं. रिअर ॲडमिरल म्हणून १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात करून पाहा

एका गटाला फळ्यापासून दारापर्यंतचा रस्ता पावलं मोजून लिहायला सांगा, दुसऱ्या गटाला खुणा सांगून. आता दोन्ही कागद तिसरीच्या आणि सातवीच्या मुलाला द्या. दहा पावलं दोघांची सारखी नसतात, पण 'दारापर्यंत जा' म्हटलं की दोघंही बरोबर पोचतात. असं का झालं, हे मुलांनाच सांगू द्या.