जामच्या रस्त्यावरचा विमानांचा कारखाना

जाम चौरस्त्यावर एसटीची वाट बघत तुम्ही कितीदा उभे राहिला असाल! एक फाटा वरोऱ्यावरून चंद्रपूरला जातो, दुसरा हिंगणघाटकडे. हा हिंगणघाटचा रस्ता सोडलाच नाही, तर हैदराबाद मागे टाकून तुम्ही थेट बेंगळुरूला पोचता. भारतातला पहिला विमान कारखाना तिथेच उभा राहिला. उभा करणारा माणूस मात्र आपल्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद.

जन्म १८८२ चा. मुंबई-पुण्याच्या कॉलेजात गेले, पण पदवी पूर्ण झाली नाही. म्हणून लगेच कॉलेज सोडायचा विचार करू नका हं! त्यांच्या घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता, पाठीशी पैसा होता. पण नुसत्या गादीवर बसून हिशेब लिहिणं त्यांना मानवलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं छोटंसं कंत्राट घेतलं. तिथून बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली.

पुढे जहाजं. १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. भाडी पाडून नव्या कंपनीला बुडवायचा खेळ त्या खेळल्या. वालचंद तोटा सोसत टिकून राहिले. ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो, तो याच प्रवासाच्या आठवणीत.

आता विमानाची गोष्ट. १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्यासाठी बोलणी करायला ते अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात भेटला विल्यम पॉली. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा अमेरिकन. आपण साधी गप्पाटप्पांत ओळख करून विसरून गेलो असतो. वालचंदांनी विचार केला, चीनमध्ये होतं तर भारतात का नाही?

इंग्रज सरकार सुरुवातीला राजी नव्हतं. वसाहतीने विमानं विकत घ्यावीत, बनवायची कशाला? पण महायुद्ध पेटलं आणि विमानांची गरज भासू लागली. म्हैसूर संस्थानाने सातशे एकर जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची स्थापना झाली. अमेरिकेहून सुटे भाग आणि यंत्रं आली, तिथले तंत्रज्ञ आले, आपली पोरं त्यांच्या हाताखाली शिकली. १९४१ मध्येच इथे जोडलेलं हार्लो हे प्रशिक्षण विमान आकाशात झेपावलं!

आणि मग? १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या. लष्करी महत्त्वाचा कारखाना खासगी हातात नको, असं सरकारने ठरवलं. वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना ताब्यात घेतला. ज्याने पाया घातला, तोच दीड वर्षात बाहेर! पुढच्या वर्षी तर तो अमेरिकन हवाई दलाच्या विमान दुरुस्तीसाठी वापरला जाऊ लागला.

तुमच्या-माझ्यावर अशी वेळ आली तर? वर्षभर तरी हात चालणार नाहीत. वालचंदांचं विशाखापट्टणमला जहाजबांधणीचं काम तोवर सुरू झालेलं होतं. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४८ ला विशाखापट्टणममध्ये बांधलेलं ‘जल-उषा’ जहाज पाण्यात उतरलं. १९५१ मध्ये बेंगळुरूच्या त्या कारखान्याने भारतीय आराखड्याचं एचटी-२ विमान उडवलं. तेव्हा वालचंद त्या कारखान्याचे कुणी नव्हते. १९५३ मध्ये ते गेले.

१९६४ पासून त्या कारखान्याचं नाव आहे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, म्हणजेच ‘एचएएल’. नाशिकजवळ ओझरलाही त्याचा कारखाना आहे. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनीअरिंग करणारे तुमच्यातले काही जण तिथल्या अॅप्रेंटिसशिपचे फॉर्म भरतीलही. फॉर्मवर वालचंदांचं नाव नसेल. ते तुम्हाला ठाऊक असू द्या.