सनदी नोकर आणि लोकशाहीचा पाईक : डॉ. चिंतामणराव देशमुख

सरकारी चाकरीत केस पांढरे झालेल्या माणसाने निवृत्तीनंतर राजकारणाच्या वाटेस जाऊ नये, असे आपल्याकडे मानतात. आज्ञा पाळण्याची सवय जडलेला मनुष्य सत्तेपुढे मान ताठ कशी ठेवील, ही त्यामागील शंका. डॉ. चिंतामणराव देशमुख यांचे चरित्र हेच या शंकेचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

14 जानेवारी 1896 रोजी महाडनजीकच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिजचे शिक्षण, आणि 1918 मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक. मध्यप्रांत-वऱ्हाडात सेवा करून ते रिझर्व्ह बँकेत आले आणि 1943 मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1949 साली ते या पदावरून निवृत्त झाले, तेव्हा विश्रांतीचा हक्क त्यांनी पुरेपूर मिळविला होता.

परंतु 1950 मध्ये पंडित नेहरूंनी अर्थखाते त्यांच्याकडे सोपविले. 1952 मध्ये कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. स्टेट बँकेची स्थापना व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही त्यांच्याच कारकिर्दीतील कार्ये.

जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. शहरात असंतोष उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा देऊ केला. त्यांचा आक्षेप केवळ मराठी माणसाचा नव्हता. एवढा गंभीर निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला जावा आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली जावी, ही लोकशाहीची रीत नव्हे, असे त्यांनी जुलै 1956 मध्ये लोकसभेत स्पष्टपणे मांडले. नेहरूंनी हा आरोप मान्य केला नाही. चिंतामणरावांनीही आपले मत बदलले नाही. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र साकार झाला.

मंत्रिपद सुटले, देशसेवा सुटली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. सत्ताधाऱ्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी निःपक्ष न्यायाधिकरणाने करावी, असा आग्रह त्यांनी 1959 मध्येच धरला होता. लोकपाल कायदा मात्र 2013 साली झाला. 1969 मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्राबाहेर गेला. पत्नी दुर्गाबाई आंध्रच्या. चिंतामणरावांनी 2 ऑक्टोबर 1982 रोजी देह ठेवला तोही हैदराबादेत. तरीही मेघदूत मराठीत आणण्याइतकी मातृभाषा त्यांनी जवळ ठेवली. परप्रांतास आपले मानावे, मराठीस अंतर देऊ नये, आणि प्रसंग आला तर खुर्चीपेक्षा न्याय मोठा मानावा, हा त्यांचा वारसा आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.